पुन्हा मोज

त्याने पेनाचं टोपण काढलं आणि सही कुठे करायची ते शोधायला वही उघडली.

"शेवटच्या पानावर, बाबा," मुलगी म्हणाली. "आधीचं बघायची गरज नाही."

पण त्याची सत्तावीस वर्षं कारखान्यात लेथवर गेली होती. न वाचता सही केली की कुणाचं तरी बोट जातं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. तो पहिल्या पानापासून चाळू लागला.

सरकारी हायस्कूलातली ही खोली बाकीच्या वर्गांसारखी नव्हती. बाकांच्या जागी चार लोखंडी खाटा, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, आणि एका खाटेवर छातीपर्यंत चादर ओढून झोपवलेला रबरी पुतळा. शेवटची दोन वर्षं इथे मुलांना रुग्णसेवा शिकवत. आज पालकांच्या सह्या घेत होते. सही झाली की मुलं सोमवारपासून रुग्णालयात शिकायला जाणार. नाही झाली तर नाव कटणार, आणि वर्षही वाया.

"काका, पुतळ्याला घाबरू नका," पलीकडची एक मुलगी म्हणाली. "आम्ही त्यांना दिवसातून दोनदा मारतो आणि तीनदा जिवंत करतो."

मग यांच्या घरी दोन महिन्यांपूर्वी काय झालं ते तिला आठवलं असावं. जीभ चावून ती बेसिनकडे वळली.

वहीत घरच्या एका माणसाचं बीपी रोज एकदा, असं तीस दिवस मोजायचं होतं. तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, आणि शेवटच्या रकान्यात 'आकडा मला सांगितला' म्हणून त्या माणसाची सही. मुलीने आईला निवडलं होतं. त्याला ते माहीत होतं. महिनाभर रोज संध्याकाळी चपला काढता काढता तो विचारायचा, "किती गं आज?" आणि आतून मुलगी सांगायची, "एकशे वीस, ऐंशी."

पहिल्या चार दिवसांचे आकडे वेगळे होते. एकशे शहात्तर. एकशे ऐंशी. एकशे चौऱ्याहत्तर. एकशे ब्याऐंशी. त्यांच्यावर लाल शाईची तिरपी रेघ होती आणि बाजूला बाईंचं अक्षर: 'पट्टा सैल बांधलास. असे आकडे येत नाहीत. पुन्हा मोज.' खाली दहापैकी दोन गुण.

पाचव्या दिवसापासून एकशे वीस. एकशे बावीस. एकशे वीस. एकशे अठरा.

त्याचं बोट त्या रकान्यावरून सावकाश खाली गेलं. शिकाऊ पोरं मायक्रोमीटर न लावता वही भरतात, तेव्हा आकडे असेच येतात. शहाण्यासारखे. त्या पोरांना तो हजारदा तरी म्हणाला असेल, आला तो आकडा लिही, हवा तो नाही.

"हे मोजलेलं नाही," तो म्हणाला.



बोट सव्वीस तारखेवर आलं आणि थांबलं. सव्वीसला सकाळी भांडी घासता घासता बायको ओट्याशी खाली बसली, ती उठलीच नाही. वहीत सव्वीसला एकशे वीस, ऐंशी होतं. सत्तावीसलाही होतं. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. आणि प्रत्येक आकड्यापुढे तिची सही होती. कुणी गिरवलेली नव्हे, तिचीच. शेवटच्या अक्षराची शेपटी लांबवून खाली घेतलेली.

"वह्या पंचवीसलाच मागितल्या होत्या," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "तीस दिवस भरलेले हवे होते. आई म्हणाली, आण इकडे, एका बैठकीत सगळ्या सह्या करून टाकते."

"तिला ठाऊक होतं?"

"पहिले आकडे सांगितले होते मी. पाचव्या दिवशीही मोजलं, तेवढंच आलं. आई म्हणाली, बाई शिकलेल्या आहेत, त्यांना जास्त कळतं. तुझे गुण नकोत जायला. आणि बाबांच्या जिवाला उगाच घोर नको, हे तर ती पहिल्या दिवसापासूनच म्हणत होती."

"आणि तू मला रोज एकशे वीस सांगत होतीस."



त्या महिन्यात बायकोचं डोकं दुखायचं. कपाळाला ओढणी घट्ट बांधून ती कामं करायची. एकदा म्हणाली होती, डॉक्टरकडे जाऊन यावं का? तो हसून म्हणाला होता, घरात नर्स असताना डॉक्टर कशाला? तुझं बीपी माझ्यापेक्षा चांगलं आहे. चष्मा बदल. कारखान्यातही त्याने चारचौघांत मिरवलं होतं, पोरगी आईला रोज तपासते म्हणून.

बाई टेबलाशी आल्या. घरी दुखवट्यालाही त्या आल्या होत्या आणि मुलीला जवळ घेऊन बराच वेळ बसल्या होत्या.

"झाली का सही?"

त्याने वही त्यांच्यापुढे सरकवली आणि लाल रेघेवर बोट ठेवलं. बाईंनी वाचलं. मग सव्वीसच्या खालच्या ओळी वाचल्या. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"चाळीस वह्या होत्या हो," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला सगळ्याच मुलांचं चुकतं."

"चुकत असेल." त्याने शर्टाची बाही वर केली. "तिला माझं मोजायला सांगा."

मुलीने पट्टा आणला. तिने तो नीट बांधला, दोन बोटं आत सरकवून पाहिली, कानाला नळ्या लावल्या. काटा वर गेला आणि हळूहळू उतरू लागला. काटे वाचण्यात त्याचा जन्म गेला होता. कुठे थरथरायला लागला ते त्याला दिसलं.

मुलीने कानातल्या नळ्या काढल्या. बोलण्याआधी तिने बाईंकडे पाहिलं. अगदी क्षणभर. ते त्याला दिसलं, आणि त्या लाल रेघेपेक्षा जास्त लागलं.

"एकशे अठ्ठावन्न, शहाण्णव," ती म्हणाली.

"मनावर ताण आहे त्यांच्या," बाई म्हणाल्या. "पाच मिनिटांनी पुन्हा मोज."

मुलीने पट्टा सोडवला आणि गुंडाळून बाजूला ठेवला. वहीच्या कोऱ्या पानावर तारीख घातली, आकडा लिहिला, आणि वही वडिलांकडे वळवली.

त्याने त्या आकड्यापुढे सही केली. मग शेवटचं पान उघडलं. पालकाच्या सहीची रिकामी चौकट त्याने बराच वेळ पाहिली आणि पेनाला टोपण लावलं.

"सोमवारपर्यंत चालेल," बाई घाईने म्हणाल्या. "अजून चार दिवस आहेत."

त्याने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, ते कुणाला कळलं नाही.

येताना ती दोघं जिना बरोबरीने चढली होती. आता तो एकटाच उतरला. पहिल्या वळणावर कठडा धरून थांबला. वरून मुलीच्या चपलांचा आवाज येईपर्यंत थांबला, आणि तो जवळ आल्यावर मागे न बघता पुढच्या पायऱ्या उतरू लागला.