नातीची बाजू

नंदकुमार वर्धेकरांना म्हातारपणी एकच हौस उरली होती, आणि ती म्हणजे नात. तनिषाचा पहिला दात पडला तेव्हा त्याचा फोटो बर्मिंगहॅमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला होता. पोहण्याचं प्रमाणपत्र आलं, व्हायोलिनची पहिली परीक्षा आली, ब्रेसेस लागल्या त्याही आल्या. मंडळी आतल्या आत वैतागत आणि वरून टाळ्यांची चित्रं टाकत.

त्यामुळे तनिषाची टीम शाळांच्या वादविवाद स्पर्धेत फायनलला पोचली, तेव्हा वर्धेकर नुसत्या फोटोवर थांबणार नाहीत हे उघडच होतं. त्यांनी मंडळातल्या एकेकाला फोन केला. शनिवारची दुपार सोडून पोरांची इंग्रजी भाषणं ऐकायला कोण जातो? पण सून वीणा बटाटेवडे करून देणार आहे, अशी पुस्ती त्यांनी प्रत्येक फोनला जोडली, आणि शाळेच्या हॉलमधल्या दोन रांगा भरल्या. वीणाची हॉस्पिटलात ड्यूटी होती आणि मुलगा अजय कामासाठी रीडिंग शहरात गेला होता, म्हणून यजमानपण एकट्या वर्धेकरांकडे. टाय लावून ते दारात उभे होते, जणू घरचंच लग्न.

शेजारच्या खुर्चीवर उदयराव बसले. मंडळाचे अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले, आणि वर्धेकरांचे चाळीस वर्षांचे मित्र. माणूस खरंच चांगला. वर्धेकरांची बायको यमुना गेली तेव्हा पहिले पंधरा दिवस जेवणाचा डबा उदयरावांच्या घरून येत होता. अशा मित्राला वर्धेकरांनी सगळं सांगितलं होतं, एक गोष्ट सोडून.

ते मुळात वर्धेकर नव्हतेच. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातले मेश्राम होते. सत्तरच्या दशकात लॅबमधल्या नोकरीवर इंग्लंडला येण्याआधी त्यांनी मुंबईत रीतसर आडनाव बदललं. मराठी माणूस परदेशात भेटला की दुसऱ्या वाक्याला आडनाव आणि तिसऱ्याला गाव विचारतो, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. वर्धेकर म्हटलं की पुढचे प्रश्न थांबत. मंडळाच्या पहिल्या गणपतीत यमुनाबाईंना आरती येत नव्हती, तर त्या नुसते ओठ हलवत उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षापर्यंत पाठ केली. त्यांच्या आईवडिलांनी नागपूरला दीक्षा घेतली होती आणि देव्हारा कायमचा उचलला होता. इथे लेक मोदक वळत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ इतकी वर्षं झाकून ठेवली की बोटं आखडतात, हे कोणी सांगत नाही.

ती मूठ त्यांनी एकदाच उघडली होती, गेल्या हिवाळ्यात, नातीपुढे. ए-लेव्हलच्या, म्हणजे इथल्या बारावीच्या, अभ्यासात तिला अमेरिकेचा इतिहास होता. लॅपटॉपवर तिने त्यांना एक जुना फोटो दाखवला: भिंतीला दोन नळ, एक गोऱ्यांचा, एक काळ्यांचा. वर्धेकर म्हणाले, "आमच्याकडे दोन नव्हते. एकच विहीर होती, आणि ती आमची नव्हती." मग शाळेचं सांगितलं. वर्गाबाहेर पडवीत बसायचं, गुरुजी पाटी हातात न घेता लांबून बघायचे, आणि एकदा तहान अनावर झाली म्हणून रांजणाला हात लावला तेव्हा काय झालं तेही सांगितलं. तनिषा रडली. तुम्हाला राग नाही येत का, असं तिने विचारलं. "आता राग घेऊन काय करायचंय," असं म्हणून ते चहा ठेवायला उठले. आपल्याकडे हे वाक्य माणूस विषय मिटवायला बोलतो. तनिषा इथे जन्मलेली. तिने ते जसंच्या तसं मनात ठेवून दिलं.

फायनलचा विषय अमेरिकेतलाच होता. तिथल्या एखाद्या राज्याने मतदानाचे नियम बदलले की एका पक्षाचे पुढारी ओरडतात, काळ्यांना वेगळं बसवण्याचा जुना काळ परत आणताय. दुसऱ्या पक्षाचे तितक्याच जोराने सांगतात, अशी तुलना करून तुम्ही त्या काळात खरोखर सोसलेल्यांचा अपमान करताय. दोघांच्याही खिशात तोच इतिहास, ज्याला जेव्हा लागेल तेव्हा बाहेर. तर आजच्या राजकारणात हे दाखले देणं थांबवावं की नाही, असा वाद. नाणेफेकीत तनिषाच्या वाट्याला 'थांबवावं' ही बाजू आली होती. घरी येऊन तिने आदळआपट केली, कारण तिचं स्वतःचं मत बरोबर उलटं होतं. दोन दिवसांनी मात्र जिंकण्याची ईर्षा जागी झाली आणि मत मागे पडलं. आजोबांपुढे तिने भाषणाचा सराव केला, पण शेवटचा भाग राखून ठेवला. ते तुमचं सरप्राइज आहे, म्हणाली.

तनिषा बोलायला उभी राहिली तेव्हा वर्धेकरांनी फोन वर धरून रेकॉर्डिंग सुरू केलं. पोरगी झकास बोलत होती. पुढाऱ्यांनी जुन्या जखमांचा झेंडा करू नये, कारण झेंड्याला जखम दुखत नाही, असं म्हणाली तेव्हा परीक्षकांनीही माना डोलावल्या. मग ती थेट वर्धेकरांकडे बघून हसली. माझ्या आजोबांना भारतातल्या शाळेत वर्गाबाहेर बसवायचे, ती म्हणाली, कारण ते दलित होते. त्यांना पाण्याला हात लावायची बंदी होती. आणि या माणसाने आयुष्यात कधी त्याचं भांडवल केलं नाही, कोणाला दोष दिला नाही, साधा उल्लेखसुद्धा केला नाही. त्यांनी माफ केलं आणि पुढे गेले. हीच खरी प्रतिष्ठा, आणि अमेरिकेतल्या पुढाऱ्यांनी ती त्यांच्याकडून शिकावी.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. वर्धेकरांचा हात फोनसकट खाली आला. मागच्या रांगेत कोणीतरी कोणाच्या तरी कानात काही बोललं. उदयराव पुढे बघत टाळ्या वाजवत होते, सगळ्यांपेक्षा जरा जास्तच वेळ. वर्धेकरांनी टाय सैल केला. सगळ्यात वाईट याचं वाटत होतं की पोरगी प्रेमाने बोलली होती. ज्या गप्प बसण्याची त्यांना आयुष्यभर लाज वाटली, त्याची तिने आरती केली होती, आणि ज्यांच्या भीतीने ते गप्प बसले ते सगळे ती ऐकायला हजर होते. आमंत्रण त्यांनी स्वतः दिलं होतं, वड्यांसकट.

भाषणं संपल्यावर दोन्ही बाजूंना प्रश्न विचारायची मुभा होती. विरुद्ध टीममध्ये अबेना नावाची मुलगी होती. तिचे आजोबा घानाहून आलेले. ती उभी राहिली आणि म्हणाली, माझा प्रश्न तनिषाला नाही. तिचे आजोबा इथेच बसलेत, त्यांची हरकत नसेल तर मी त्यांना विचारते. स्पर्धेच्या अध्यक्षबाईंनी वर्धेकरांकडे पाहिलं. एका शिक्षकाने माइक आणून त्यांच्या हातात दिला.

"सर," अबेना अगदी अदबीने म्हणाली, "तुम्ही खरंच माफ केलंत, की तुम्हाला कधी कोणी विचारलंच नाही?"

वर्धेकर उभे राहिले. उत्तर त्यांच्या तोंडाशी आलं होतं. मी माफ केलेलं नाही. मी घाबरलो होतो, अजून घाबरतोय. एवढीच वाक्यं, आणि ती त्या मुलीला द्यायला त्यांचा जीव तुटत होता, कारण सत्तर वर्षांत एवढा नेमका प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. पण ती वाक्यं बोलली की तनिषाची बाजू तिथल्या तिथे कोसळणार, आणि तीही आजोबांच्या हातून. तनिषा स्टेजवरून त्यांच्याकडे बघत होती. लहानपणी पोहण्याच्या तलावात उडी मारण्याआधी बघायची तशीच.

"हो," वर्धेकर इंग्रजीत म्हणाले. "मी माफ केलं."

अबेना थँक्यू म्हणून खाली बसली. तिचा विश्वास बसला नव्हता, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तनिषाची टीम जिंकली. बाहेर कार पार्कमध्ये वर्धेकरांनी गाडीच्या डिकीत वड्यांचा डबा उघडला. कोणी खाईल की नाही, अशी धाकधूक होती. पण मंडळींनी वडे हाणले, चटणी मागून घेतली, वीणाच्या हाताचं कौतुक केलं. भाषणातल्या त्या गोष्टीबद्दल मात्र कोणी एक शब्द काढला नाही. एरवी वड्यात मीठ कमी म्हणून तासभर वाद घालणारी माणसं हवेबद्दल बोलत होती. वर्धेकरांना क्षणभर वाटलं, आपणच उगाच भीत होतो. एवढी वर्षं फुकट घालवली.

मग उदयरावांनी त्यांना बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवला, तो मनापासूनच ठेवला होता. अहो, इतक्या वर्षांत मला सांगितलं असतंत तर काय झालं असतं, आपल्याकडे असलं कोणी मानत नाही, वगैरे बोलून झालं. नात म्हणाली ते लाख मोलाचं आहे, इथे जातिभेदाविरुद्ध कायदा करा, कायदा करा म्हणून ओरडणाऱ्यांनी ते ऐकायला हवं, हेही झालं. मग त्यांनी घसा साफ केला.

"एक आहे. यंदा गणपतीत पहिल्या दिवशीच्या नैवेद्याचा टर्न वीणाचा आहे ना? ते जरा राहू दे या वर्षी. म्हणजे मला काही नाही हो, मी आत्ता तीन वडे खाल्ले तुमच्यासमोर. पण सोवळंओवळं बघणारी दोन-चार वयस्कर मंडळी आहेत, त्यांना कशाला टेन्शन. तुम्ही समजून घ्याल, मला माहितीये. तुमचा स्वभावच तो. तनिषा म्हणालीच की."

वर्धेकर म्हणाले, हो, समजलं. डबा बंद करून ते हॉलकडे निघाले. दुखत होतं, पण त्याहून जास्त संताप येत होता. म्हाताऱ्या माणसाला झेपेल त्याहून जास्त, आणि पहिल्यांदाच तो गिळायची इच्छा होत नव्हती. ही पोरगी तरी आपल्याला खोटं ओळखत राहायला नको. बाकीच्यांचं जाऊ दे.

तनिषा स्टेजपाशी कप छातीशी धरून उभी होती. वर्धेकरांनी तिला पडद्याच्या आडोशाला नेलं आणि श्वास न घेता सांगून टाकलं. मी माफ केलेलं नाही. एकालाही नाही. मी बोललो नाही कारण मला या लोकांची भीती वाटायची. ती मुलगी विचारत होती तेच खरं होतं.

तनिषाचा चेहरा उतरला. "पण आजू, मग तुम्ही येस का म्हणाला?"

"तू समोर होतीस म्हणून."

तिचे डोळे भरून आले. तिने त्यांचा हात धरला आणि सॉरी म्हणाली, दोनदा. मग तिची नजर त्यांच्या खांद्यावरून हॉलमध्ये गेली. तिथे अबेना कोट घालत होती आणि तनिषाच्या टीमच्या शिक्षिका, तिच्या 'मिस', फोनवर काहीतरी टाइप करत होत्या.

"आजू, मिसनी व्हिडिओ टाकला ऑलरेडी. आणि त्या म्हणाल्या, हा स्टोरी मी युनिव्हर्सिटीच्या ॲप्लिकेशनमध्ये लिहायचा." तिने आवाज खाली आणला. "हे आता दुसरा कोणाला सांगू नका ना. प्लीज. मी खोटारडा दिसेल."

वर्धेकरांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "नाही सांगत," ते म्हणाले.

तेवढ्यात मिसनी फोटोसाठी हाक मारली, आणि आजोबांनाही घेऊन ये म्हणाल्या. तनिषाने डोळे पुसले. वर्धेकर तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले, टाय नीट केला, आणि सगळ्यांनी हसा म्हटल्यावर हसले.