मळके कपडे

पृथ्वीराज विद्यापीठात पहिल्या वर्षाला आला तो परत जायच्या तयारीनंच. चार दिवसांत घरून बोलावणं येणार, याची त्याला खात्री होती. कारणही भक्कम होतं. बिद्रीजवळच्या त्यांच्या गावात, घरामागच्या गोठ्यात चिमणी नावाची म्हैस होती आणि ती पृथ्वीराजशिवाय कुणाच्याच हाताला धार देत नव्हती. वडील कागलच्या एमआयडीसीत पाळीवर जायचे. त्यांचं आणि म्हशीचं कधी जमलंच नाही. आई जवळ बसली की चिमणी पान्हा चोरायची, आणि फार लाडीगोडी लावली तर लाथ मारायची. डेअरीला जाणाऱ्या दुधावर पृथ्वीराजचं शिक्षण होणार होतं. म्हणजे म्हैस अडली की शिक्षण अडलं, इतका सरळ हिशेब.

पण बोलावणं काही येईना.

हॉस्टेलात त्याला करमत नव्हतं. पहाटे डोळे उघडायचे आणि हातांना काही काम नसायचं. रूममधला सम्राट पुण्याचा. तो ऊन तोंडावर येईपर्यंत घोरायचा. वर्गात सगळं इंग्रजीत चाले, आणि पृथ्वीराज मागून दुसऱ्या बाकावर बसून वहीवर पेन फिरवत राही. गावात त्याला कुत्रीसुद्धा नावानं ओळखत होती, इथं शेजारच्या बाकावरचा ओळखत नव्हता. रोज संध्याकाळी तो फोन लावायचा.

"चिमणी धार देत्या न्हवं?"

"देत्या की," आई म्हणायची. "का देणार न्हाय?"

त्याला म्हशीचा राग यायचा. इतकी वर्षं याच हातानं घास घातला आणि बया महिन्याभरात विसरली! तिनं आईला एखादी सणसणीत लाथ घालावी, असंही एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्याची त्यालाच लाज वाटली.

आईचं एक मात्र टुमणं असे. मळके कपडे घरी धाड. हॉस्टेलातल्या पाण्यानं कपडे निघत नाहीत, मी धुते, तू नुसते पिशवीत कोंबून कंडक्टरकडं दे. पृथ्वीराज दर शनिवारी स्टँडवर जाऊन पिशवी द्यायचा. आठवड्यानं कपडे घड्या घालून परत यायचे, त्यात एखादा शर्ट हमखास कमी. सम्राटला हे कळलं तेव्हा तो पोट धरून हसला.

"अरे, तुझ्या आईनं लाँड्री काढलीय का? आमचे पण दे पाठवून!"

मजल्यावरच्या सगळ्या पोरांनी ते उचललं. पृथ्वीराज आठवडाभर 'लाँड्री' झाला. दिवाळीनंतर मात्र त्यानं बादली घेतली, साबण घेतला आणि कपडे स्वतः धुवायला लागला. गंमत म्हणजे त्याच सुमारास त्याचं तिथं जमायला लागलं. कठड्यावर कपडे वाळत घालताना दोन-तीन पोरांशी ओळख झाली, मग त्यांच्याबरोबर मिसळ खाणं आलं, परीक्षेच्या आधी रात्रभर गोंधळ घालणं आलं. फोन रोजचा होता तो एक दिवसाआड झाला.

आता फोन आईचा यायला लागला.

"कपडं धाडलं न्हाईस?"

"मी धुतो आता. लहान हाय का मी?"

"धू की. पण एक शर्ट तरी तसाच धाड. न धुता."

"आई, पोरं हसत्यात मला!" म्हणून त्यानं फोन ठेवून दिला. आईला करमत नसेल, असं त्याला वाटलं. वाटलं म्हणून तो पुढच्या शनिवारी न सांगताच गावी निघाला.

गाडी खच्चून भरली होती. उभ्यानंच येऊन, घामाघूम होऊन तो उतरला तेव्हा धारेची वेळ झाली होती. घरात कुणी नव्हतं म्हणून तो मागं गोठ्यात गेला.

आई म्हशीखाली बसली होती. लुगड्यावर त्याचा चौकड्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. डोक्याला त्याचाच टॉवेल गुंडाळलेला. आवाज जाड करून ती म्हणत होती, "हो चिमणे, हो, हो!" अगदी तो म्हणायचा तसं. चिमणीचे मागचे पाय दोरीनं बांधले होते, आणि चरवीत दूध नावालाच होतं. आईच्या कोपरावर हिरवानिळा वळ उठला होता.

त्याला बघून ती दचकली. मग ओशाळून हसली.

"तुझा वास लागतोय रं तिला. ह्या शर्टाचा गेला की उडून. तू धाडत हुतास तवर झ्याक चाललंतं."

"मग सांगायचं न्हाई?"

"सांगून? पळत आला असतास."

ते खरंच होतं. आणि आत्ताही, आईचा वळ समोर दिसत असताना, त्याला आधी आनंद झाला. म्हैस त्याला विसरली नव्हती. घराचं त्याच्यावाचून अडलं होतं.

"मग येतो की मी परत," तो म्हणाला. "मुरगूडच्या कॉलेजात नाव घालतो. दोन्ही येळंला धार काढतो."

"तू कशाला?" आई म्हणाली. "शर्ट आला तरी भागतंय."

ती सहज बोलली. त्याला मात्र ते लागलं. त्यानं अंगातला घामेजलेला शर्ट काढला आणि तिच्या हातात दिला. आईनं तो चढवला, बाह्या खाली ओढल्या आणि पुन्हा बसली. चिमणीनं मान वळवून बाहीचा वास घेतला. मग ती निवांत रवंथ करू लागली आणि चरवीत धार वाजायला लागली.

पृथ्वीराज बनियनवर तिथंच उभा होता. त्याचा हात आपसूक म्हशीच्या पाठीकडं गेला.

"लांब हुबा ऱ्हा जरा," आई मान वर न करता म्हणाली. "दोघं बघून घोटाळंल ती."

तो बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला.