नऊ मसोती

पेटीच्या आतल्या अस्तराची शिवण ब्लेडने उसवली तेव्हा आत पांढरं कापड नव्हतं. जुनी लुगडी होती, माझी एक खाकी पँट होती, आणि मध्ये धानाचा भुसा ठासून भरलेला होता.

तोंडाला ओला गमछा बांधून मी मागच्या अंगणात बसलो होतो. कापड नाही हे पाहून भीती जायला हवी होती. उलट ती वाढली. माझी बायको सत्यभामा कधीच काही फेकत नसे. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला जायचं. चादर फाटली की पिशवी, पिशवी फाटली की पायपुसणं. कापड पेटीत नव्हतं, म्हणजे दुसरीकडे कुठेतरी होतं.

ही पेटी तिनेच करवून घेतली होती. भाताला उकळी आली की गॅस बंद करायचा, पातेलं गरम असतानाच पेटीत ठेवायचं आणि झाकण लावायचं. तासाभरात भात आपल्या आपणच शिजतो. आमचं सिलेंडर अडीच महिने पुरायचं. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये, सासऱ्यांच्या लीजच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहत आलो. आमच्या लाइनीतल्या, म्हणजे क्वार्टरांच्या रांगेतल्या, बायका तिच्याकडून हे शिकल्या.

बावीस वर्षांपूर्वी पेटीला आतून लावायला तिला गरमी धरून ठेवणारं काहीतरी हवं होतं. मी रसमड्याच्या एका कारखान्यात फिटर आहे. गरम पाइपांवर गुंडाळायचं पांढरं कापड उरलं होतं. मी ते डब्याच्या पिशवीत लपवून आणलं. तिने एक कोपरा गॅसवर धरून पाहिला. "जळतच नाही हो!" म्हणाली. दिवसभर खूश होती.

यंदा मार्चमध्ये ती गेली. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात अॅस्बेस्टॉसचं काम कोणी करतं का?" मी नाही म्हणालो. अॅस्बेस्टॉस म्हणजे छपराचे पत्रे, एवढंच मला माहीत होतं. त्या कापडाला आम्ही सफेद कपडा म्हणायचो.

मागच्या आठवड्यात नरेश नावाच्या नव्या सेफ्टीवाल्याने आमचा क्लास घेतला. प्लास्टिकच्या बंद पिशवीत त्याने अॅस्बेस्टॉसच्या कापडाचा एक तुकडा दाखवला. मी तो लगेच ओळखला.

"याचे तंतू एकदा आत गेले की निघत नाहीत," तो म्हणाला. "दुखणं वीस-तीस वर्षांनी येतं. जुनं कुठं सापडलं तर झटकू नका. ओलं करा, दोन पिशव्यांत बांधा आणि मला द्या."

अंगणातूनच मी दामिनीला फोन लावला. माझी मुलगी नागपूरला असते.

"आईनं पेटीतल्या पांढऱ्या कपड्याचं काय केलं, तुले आठवते?"

"पेटी लुगड्यांनी भरली अन् तो कपडा आत घालून मसोती शिवली ना. मी बारावीत होती तवा. कावून?"

मसोतं म्हणजे गरम भांडं उतरवायचं जाड फडकं. आमचं तर ओट्याजवळ खिळ्यालाच टांगलेलं होतं. सकाळी त्यानेच मी चहा उतरवला होता.

"किती शिवली?"

"नऊ. एक माह्यापाशी आहे, एक आपल्या घरी. बाकीची लाइनीत वाटली. बाबा, झालं काय?"

मी सांगितलं.

"आई कात्रीनं कापून राहिली होती," ती म्हणाली, "अन् मी बाजूलेच बसून अभ्यास करून राहिली होती."

झटकू नको, ओलं कर, दोन पिशव्यांत बांध, हे नरेशचं सांगणं मी तिला सांगितलं.

"माहं मी ओलं करून बांधते, बाबा. तुम्ही बाकीची आणा."

सहा घरांतून मसोती सहज मिळाली. सत्यभामाची आठवण म्हणून हवीत, असं मी सांगितलं. खरं सांगायची हिंमत नव्हती. एकीने तर मसोतं कपाळाला लावून दिलं. मी ते पटकन ओल्या पिशवीत टाकलं.

सातवं शेजारच्या गिरजाबाईंकडे होतं.

"नाही देत," त्या म्हणाल्या. "तुमच्यापाशी तिचं सारं घर आहे, भाऊ. माह्यापाशी हे एकच आहे."

"नवीन आणून देतो."

"नवीन घेऊन काय करू? अन् एवढी मसोती जमा करून दुकान टाकता का?"

तेवढ्यात त्यांची नात भूमिका दुधाचं पातेलं घेऊन आली. मसोतं एका कोपऱ्यात फाटलं होतं आणि आतली पांढरी लव बाहेर आली होती. तिने पातेलं ठेवलं आणि मसोतं झटकलं. दारातून आलेल्या उन्हात बारीक बारीक काहीतरी तरंगलं.

"झटकू नको!" मी ओरडलो.

"दादी, ये चिल्लाए क्यों?"

मग मी सगळं सांगितलं. कापड मीच चोरून आणलं, हेही सांगितलं. सत्यभामा त्यानेच गेली असेल, हेही.

गिरजाबाईंनी आधी नातीकडे पाहिलं. "भूमिका, हात धू. साबणानं. तोंडही धू." मग मला विचारलं, "सत्यभामाले माहीत होतं?"

"नाही."

"बरं झालं."

त्यांनी तांब्यातलं पाणी मसोत्यावर ओतलं. हात लावला नाही. मी ते उचललं.

"बाकीच्याइले काय सांगितलं?"

"आठवण म्हणून पायजे."

"मंग परत जा अन् खरं सांगा. त्याइची बी लेकरं आहेत." त्यांनी पायात चप्पल घातली. "चला. मी येते संग."

सहाही दारांवर मी पुन्हा उभा राहिलो. एका घराने अर्ध्यातच दार लावून घेतलं. कपाळाला मसोतं लावलेल्या बाईने विचारलं, "आता आमाले काय होईल?" मला माहीत नाही, असं मी म्हणालो. तेच खरं होतं. परत येताना गिरजाबाई एवढंच म्हणाल्या, "पेटी तर चांगली आहे ना, भाऊ?"

"चांगली आहे. तिच्यात तिची लुगडी आहेत."

घरी येऊन खिळ्यावरचं मसोतं ओलं करून पिशवीत बांधलं. आठ झाली. पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली. दुपार टळून गेली होती आणि सकाळच्या चहानंतर पोटात काही नव्हतं. भात टाकला. पेटीतल्या लुगड्याचा एक तुकडा बाहेर लोंबत होता, तो कापून घेतला आणि उकळी आल्यावर त्याने पातेलं उतरवलं.

भूमिका नऊ वर्षांची आहे. मी मनात वीस मिळवले. मग तीस.

भिंतीपलीकडे ती खोकली. एकदाच.

मी पातेलं हातात धरून तसाच उभा राहिलो. पेटीचं झाकण उघडं होतं. भात निवत होता, आणि मी पलीकडच्या आवाजाकडे कान लावून होतो.