स्कारबेकचा उतार

मी स्कारबेक टाउन फुटबॉल क्लबचं मैदान बोलतोय. मैदान म्हणजे सपाट जागा, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. मग माझ्या बाबतीत नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा असंच म्हणा. माझ्या वरच्या गोलपासून खालच्या गोलपर्यंत चांगला आठ फुटांचा उतार होता. मध्यावर ठेवलेला चेंडू पंचाची शिट्टी व्हायच्या आत स्वतःच खेळायला निघायचा. त्याला धरून ठेवायला आमचा कप्तान त्यावर बूट ठेवून उभा राही, आणि पाहुण्यांना वाटे, काय ऐट आहे!

माझा जन्म १९०८ सालचा. यॉर्कशरच्या त्या डोंगरकुशीत विटांची भट्टी होती. भट्टीच्या मालकाला वाटलं, कामगारांनी शनिवारी दारू पिण्यापेक्षा चेंडू खेळावा, म्हणून त्याने मला देऊन टाकलं. कामगार दोन्ही करू लागले. त्याआधी माझ्यावर मेंढ्या चरत असत, आणि त्यांनीही कधी माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. भट्टी बंद पडली, कामगारांची नातवंडं पोस्टमन झाली, नळदुरुस्ती करू लागली, एक तर इतिहासाचा मास्तर झाला. पण शनिवार सुटला नाही. आठवडाभर पोटासाठी राबायचं, मंगळवारी आणि गुरुवारी सराव करायचा आणि शनिवारी चारशे माणसांसमोर माझ्यावर घसरायचं. याला ते अर्धवेळ व्यावसायिक खेळाडू म्हणतात. अर्धवेळ काय आणि व्यावसायिक काय, ते मला शंभर वर्षांत कळलं नाही.

क्लबच्या पहिल्याच सभेत ठराव झाला होता, की पुढच्या उन्हाळ्यात मैदान सपाट करून घ्यावं. तो ठराव पुढे एकसष्ट वेळा एकमताने मंजूर झाला.

खरं सांगायचं तर माझा उतार त्यांना हवाच होता. नाणेफेक जिंकली की आमचा कप्तान डोळे मिटून सांगे, "आधी चढ." पहिला अर्धा वेळ डोंगर चढायचा, जीभ बाहेर काढायची, एखादा गोल खायचा, आणि पाहुणे दमले की दुसऱ्या अर्ध्यात वरून त्यांच्या अंगावर गडगडत जायचं. आधी औषध, मग गूळ. १९५७ साली कपच्या सामन्यासाठी शहरातला एक बडा क्लब आला होता. भांग पाडलेले खेळाडू, चकचकीत बस. शेवटच्या मिनिटाला आमच्या बचावपटूने घाबरून चेंडू नुसता आभाळात मारला. तो पडला, उसळला, माझ्या उतारावरून असा सुटला की पुढे आलेल्या त्यांच्या गोलकीपरच्या डोक्यावरून थेट जाळ्यात! मारणाऱ्याने तोवर लाजेने तोंड झाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मला 'बारावा खेळाडू' म्हटलं होतं. मी असा फुगलो की विचारू नका. पुढच्या फेरीत आमचे वीर दुसऱ्याच्या सपाट मैदानावर सात गोलांनी हरून आले. आमची पोरं तिथेही थोडी कलूनच पळत होती, असं ऐकलं. मी काही गेलो नव्हतो, मैदानाला दौऱ्यावर नेत नाहीत.

आता क्लिफर्डचं सांगतो. क्लिफर्ड शटलवर्थ चाळीस वर्षं माझी देखभाल करतोय. गवत कापणं, चुन्याच्या रेघा मारणं, पाणी साचलं की दाताळं खुपसून मला भोकं पाडणं, आणि हे सगळं करताना मला शिव्या देणं. "वर खत टाकावं तर दोन पावसांत खाली! वरचं डोकं टकलं आणि खाली जंगल!" हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलंय, की गावातली पोरंसुद्धा त्याची नक्कल करतात. त्याची बायको ऑड्री वरच्या कोपऱ्यातली चहाची टपरी चालवायची. चहा कडक, जीभ त्याहून कडक. पाहुण्यांच्या गोलकीपरला तिने जन्मात दुसरा कप दिला नाही.

स्कारबेकमध्ये माणूस गेलं, की राख कुठे न्यायची यावर घरात फार चर्चा होत नाही. डबा घेऊन माझ्याकडे येतात. जुने सेक्रेटरी माझ्यात आहेत, दोन कप्तान आहेत, पंचाला शिव्या देणारी एक आजीबाई आहे. राखेने गवत जळतं म्हणून क्लिफर्ड कुरकुरायचा. राख आणायची ती उन्हाळ्यात, कोरड्या दिवशी, आणि मातीत दाताळ्याने कालवायची, हा नियम त्यानेच घालून दिला होता.

पाच वर्षांपूर्वी ऑड्री गेली. नोव्हेंबर महिना होता. क्लिफर्ड सकाळीच आला, टपरीसमोरच्या कोपऱ्यात गुडघे टेकले आणि सगळा डबा माझ्यावर रिकामा केला. दाताळं नाही, काही नाही. त्या सकाळी तो मैदान राखणारा नव्हताच, नुसता नवरा होता. तो टोपी काढून बराच वेळ उभा राहिला आणि घरी गेला.

संध्याकाळी पाऊस लागला, तो चार दिवस लागला. मी काय करणार? माझ्या अंगात धरून ठेवायचा गुणच नाही. ऑड्री हळूहळू माझ्या पाठीवरून खाली निघाली. मधलं वर्तुळ ओलांडलं, आणि शनिवारपर्यंत थेट खालच्या गोलसमोर. त्या दिवशी पाहुण्यांचा गोलकीपर चेंडूवर झेपावला आणि तोंडभर राखाडी चिखल घेऊन उठला. ऑड्रीने शेवटचा हिशेब चुकता केला असं मला वाटलं. पण क्लिफर्ड रोज सकाळी वरच्या कोपऱ्यात जाऊन, टोपीला हात लावून, "गुड मॉर्निंग, ऑड्री" म्हणायचा, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग गेल्या वसंतात लीगवाल्यांचं पत्र आलं. नवा नियम झाला होता. इतका उतार चालणार नाही. शुक्रवारपर्यंत मैदान सपाट करण्याचं हमीपत्र द्या, नाहीतर पुढच्या मोसमापासून बारा मैलांवरच्या ब्रॅम्बीच्या मैदानावर खेळा. ब्रॅम्बी! तिथे स्कारबेकचा माणूस लग्नालासुद्धा नाइलाजाने जातो. आणि क्लब गेला की माझ्यावर घरं उठणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. एका खेळाडूच्या मेहुण्याने जेसीबी फुकट द्यायचं कबूल केलं. वरची चार फूट माती काढायची आणि खाली टाकायची, इतकंच काम होतं. जमिनीचे विश्वस्त तिघं, आणि सह्या तिघांच्याही हव्या. दोघांनी सह्या केल्या. तिसरा क्लिफर्ड. तो म्हणाला, "वरच्या कोपऱ्याला फावडं लागणार नाही." का, ते सांगेना.

गावाला वाटलं म्हातारा सटकला. कप्तान येऊन हात जोडून गेला, मास्तर इतिहास सांगून गेले. क्लिफर्ड ढिम्म. गुरुवारी दुपारी जॅनिस मर्गट्रॉइड आली. ती क्लबची अध्यक्ष, आणि गावातलं मासे-चिप्सचं दुकान तिचं. कागदात गुंडाळलेले गरम चिप्स तिने टपरीच्या फळीवर ठेवले.

"खा. व्हिनेगर जास्त घातलंय, तुला लागतं तसं."

"लाच आणलीस होय?"

"लाच द्यायची असती तर मासा आणला असता. क्लिफ, उद्या शुक्रवार. एकशे सतरा वर्षांचा क्लब तुझ्या एका सहीवर लटकलाय, आणि तू कारणसुद्धा सांगत नाहीस. माझ्या बापाला दिसलं असतं तर त्याने तुला दुकानातल्या बटाट्यांच्या बादलीत बुडवला असता."

क्लिफर्डने एक चिप उचलली, परत ठेवली. मग बोटाने कोपरा दाखवला.

"ऑड्री आहे तिथे."

जॅनिसने चिप्सचा कागद बाजूला सारला.

"सगळा डबा?" तिने हळूच विचारलं.

"सगळा."

"कधी टाकलास?"

"गेली त्याच महिन्यात. नोव्हेंबरात."

"कालवलंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली. जॅनिस कोपऱ्याकडे बघत राहिली, मग उतारावरून तिची नजर खाली खाली गेली. शेवटी ती म्हणाली, "क्लिफ, रागावू नकोस हं. वर टाकलेल्या खताबद्दल तू आम्हाला चाळीस वर्षं काय सांगतोयस?"

क्लिफर्डने तोंड उघडलं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलेलं मला दिसलं, आणि अर्ध्यावरच अडकलं. खाली, गोलसमोर, हिरवंगार दाट गवत वाऱ्यावर हलत होतं.

"म्हणजे..." तो म्हणाला, "म्हणजे मी पाच वर्षं रिकाम्या कोपऱ्याला गुड मॉर्निंग करतोय?"

"तसंच दिसतंय बाबा."

"आणि ती त्या टोकाला? पाहुण्यांच्या गोलकीपरांपाशी?"

"त्यांची काय दशा केली असेल तिने!" जॅनिस म्हणाली. तो हसला की रडला ते मला कळलं नाही, बहुतेक दोन्ही एकदम झालं. मग तो उठला आणि माझ्यावरून खाली चालत निघाला. चाळीस वर्षांत इतक्या जपून त्याने माझ्यावर कधी पाऊल टाकलं नव्हतं. जॅनिसला कळलं, ती मागे गेली नाही.

खालच्या गोलसमोर तो वाकला, ओल्या गवतावर हात ठेवला. आता खरा पेच होता. वरची माती काढायची नव्हती ती ऑड्रीसाठी. पण काढलेली सगळी माती पडणार होती ती इथे, तिच्याच अंगावर. मला वाटलं, संपलं. उद्या ब्रॅम्बी.

"ऑड्री," तो म्हणाला, "तुझ्यावर चार फूट माती येणार गं. चिडशील, ठाऊक आहे. पण एक आहे. आता तू घसरणार नाहीस. मी सकाळी यावं आणि तू तिथे असावंस, एवढंच मला हवं होतं."

मग वर येऊन त्याने गवताने ओल्या झालेल्या हातानेच सही केली. चिप्स तोवर गार झाले होते, तरी सगळे संपवले.

उन्हाळ्यात जेसीबी आलं. खालच्या गोलसमोरची माती क्लिफर्डने यंत्राला टाकू दिली नाही. ढकलगाडीने आणून स्वतः पसरली, आणि सबंध क्लब रांगेत उभा राहून त्याला ढकलगाड्या भरून देत होता. आता मी सपाट आहे. आरशात बघायची सोय नाही म्हणून बरं. पहिल्याच सामन्यात कप्तानाने नाणेफेक जिंकली, सवयीने "आधी चढ" म्हणाला, आणि पंचाने त्याच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. आम्ही चार गोलांनी हरलो. आपल्या घरच्या मैदानावरसुद्धा आमची पोरं कलून पळतात, हे तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलं.

क्लिफर्ड रोज सकाळी येतो, गोलसमोर उभा राहतो, टोपीला हात लावतो. ती तिथेच असते. परवा त्याने जॅनिसला बोलावून काठीने जागा दाखवली. "माझी वेळ आली की मला इथेच, तिच्याशेजारी. नोव्हेंबर असला तरी चालेल."

ऐकलं मी, क्लिफर्ड. आता मी तुला धरून ठेवीन, शब्द देतो. पण घाई करू नकोस रे बाबा. नवीन मातीत गवताने अजून मूळ धरलेलं नाही, आणि तू गेलास तर मला शिव्या कोण देणार?