रोज तोच उंचवटा

ऐका तर खरं, मित्रांनो! मधे बोलू नका, नुसतं ऐका, कारण माझं आजवर कुणी ऐकलेलंच नाही!

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, प्रयोगशाळेतला. नवा होतो तेव्हा काय थाट होता! माझ्यासाठी खोली गार ठेवायचे आणि स्वतः स्वेटर घालून कुडकुडत बसायचे. मग नवे आले. माझी नेटवर्कची वायर काढून त्यांना लावली, मी कोपऱ्यात. आता बाहेर कुणाला तारीख विचारायचीही सोय नाही. तिथून मला ताईने उचललं.

ताई पीएचडी करते. दोन जड अणुकेंद्रकं भन्नाट वेगाने एकमेकांवर आदळली की हजारो कण उडतात. पायॉन नावाचे ढीगभर, केऑन नावाचे मोजके. दर टकरीत त्यांचं प्रमाण थोडं हलतं. किती हलतं, ते मी काढायचं. खरी टक्कर नाही हं, माझ्या पोटातली, आकड्यांची! फासे टाकल्यासारखी. आणि फासे कसे पडायचे, ते प्रोग्रॅम त्या दिवसाच्या तारखेवरून ठरवतो. नवी तारीख, नव्या टकरी.

पण माझं घड्याळ ज्या बटणाएवढ्या सेलवर चालतं ना, तोच संपला! संध्याकाळी मेन स्विच बंद झाला की मी तारीख विसरतो. सकाळी उठतो तो थेट कारखान्यातल्या माझ्या पहिल्या दिवशी. रोज तीच तारीख, तेच फासे, त्याच टकरी!

मी सांगितलं नाही का? सांगितलं की! रोज सकाळी पडद्यावर ठळक लिहायचो, ‘घड्याळाचा सेल संपला आहे. पुढे जाण्यासाठी एंटर दाबा.’ ताई चहा पितापिता एंटर दाबायची. न वाचता. रोज!

“जाड्या, बघ ना, आलेखातला उंचवटा आजही तिथेच! केसभरसुद्धा हलला नाही!”

शेजारच्या टेबलावरचा तिचा मित्र जाड्या खुर्ची सरकवतच आला. “एवढा हट्टी? मग खराच असणार. पार्टी कधी?”

“थट्टा नको रे. परीक्षकांना पटलं तर पीएचडी, नाहीतर सगळं मुसळ केरात.”

अगं ताई, रोज तिथेच येतो कारण तुझा रोज तोच दिवस आहे! मी नुसता चरफडत होतो. उद्या कुणी दुसऱ्या मशीनवर करून बघितलं की उंचवटा गायब, आणि ताईचं नाव मातीत!

आज परीक्षक आले. ‘शेवटचं एकदा’ म्हणून ताईने मला सुरू केलं. पडद्यावर तीच ओळ, बोट एंटरवर. मी काय करणार? धुळीने पंखा आधीच कुरकुरत होता, मी तो थांबू दिला. तापलो, बंद पडलो. वाटलं, आता तरी झाकण उघडतील, सेल बघतील.

“आजच मुहूर्त मिळाला का रे तुला?” ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“सोड गं, थेरडं झालंय ते. कालचा आलेख पेन ड्राइव्हमध्ये आहे ना? मग चल!” जाड्याने मला उचललं आणि भंगारात ठेवलं, भिंतीकडे तोंड करून. झाकण कुणी उघडलंच नाही हो!

मित्रांनो, यंत्राची धूळ पुसा, सेल बदला. आणि ते काही लिहीत असेल तर एंटर दाबण्याआधी वाचा तरी!

वरच्या मजल्यावर टाळ्या वाजतायत. माझ्या ताईसाठी. आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?