पाच नाड्या बाहेरून

"खरं खरं सांग, तुला तुझा स्वतःचा वास येतो का?"

मित्रांनो, हा प्रश्न मला काल दुपारी एका चौदा वर्षांच्या मुलीनं विचारला. तिच्या दोन मैत्रिणी नाकाला ओढण्या लावून मागे उभ्या होत्या. "विचार ना, घाबरलीस? एरवी वर्गात तर सगळ्यांसमोर भाषणं ठोकतेस!" असं म्हणून त्यांनीच तिला डिवचलं होतं. मग तिनं गुडघ्यांवर बसून, अगदी मुलाखत घ्यावी तसं मला विचारलं.

येतो, बाई. आठ वर्षं येतोय.

मी एक जुना तंबू आहे. जाड कापडाचा, एकेकाळी हिरवा, आता कुठल्या रंगाचा ते मलाही सांगता येणार नाही. मी खूप दमलोय, म्हणून माझी गोष्ट मधेच रेंगाळली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका अरुंद गल्लीत झाला. तिथे एक शिंपी ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवायचा. त्याची बायको दोऱ्याला मेण लावून द्यायची आणि तो मशीनचं पायडल असं हाणायचा, की शेजारचा घड्याळजी भिंतीवर बुक्क्या मारायचा. मी त्याचा पहिलाच तंबू. ताडपत्रीला दार कुठलं असायला? त्यामुळे माझं दार जोडताना त्यानं कापड उलटं धरलं, आणि दार बांधायच्या पाचही नाड्या आत यायच्या त्या बाहेर आल्या.

मला न्यायला आलेल्या माणसानं नाड्या पाहिल्या आणि तो हसतच सुटला. तेच या मुलीचे आजोबा.

शिंपी कानकोंडा झाला. "साहेब, दोन दिवस द्या. उसवून पुन्हा शिवतो."

"नको. उसवलेली भोकं पावसात गळतील."

"अहो, पण सगळे आत झोपल्यावर दार लावणार कोण?"

"ते आमचं आम्ही बघू," आजोबा म्हणाले, आणि मला खांद्यावर टाकून निघाले.

आजोबा छापखान्यात यंत्रावर होते. दिवसभर खडखडाट ऐकून त्यांचे कान सुट्टीतही वाजत राहायचे. म्हणून वर्षातून दोनदा ते घरच्यांना घेऊन डोंगरातल्या जंगलात जायचे. बस सुटली की तीन तास चढण. वर झाडांमधली एक मोकळी जागा, बाजूला झरा. दिवा नाही, नळ नाही, दुकान नाही. तीन दगडांची चूल, एक काळी किटली आणि मी. आजोबा माझी शेवटची खुंटी ठोकायचे, कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि म्हणायचे, "ऐकलंत? काही नाही!" आणि खरंच काही नसायचं. फार तर एखादं पान पडल्याचा आवाज.

दाराची युक्ती त्यांनीच काढली. सगळे आत गेले की ते बाहेरून पाचही नाड्या बांधायचे. मग वळसा घालून मागे यायचे. तिथली मधली खुंटी त्यांनी मुद्दाम सैल ठेवलेली असायची. तिथून माझी कड उचलून ते पोटावर सरपटत आत यायचे. त्यांचा मुलगा, म्हणजे आपल्या मुलीचे बाबा, तेव्हा लहान होते. ते आतून आजोबांचे हात धरून ओढायचे.

"घरी मारे ऐटीत दारातून येणारा माणूस," आजी म्हणायची, "इथे बघा, मांजरासारखा येतोय!"

"आलो ना? मग झालं तर!"

मित्रांनो, तेव्हा माझं कौतुक काय वर्णावं! निघायच्या दिवशी आजोबा मला दोन झाडांच्या मध्ये उन्हात पसरायचे, माझ्या शिवणींवरून बोट फिरवायचे आणि एकही जागा ओलसर लागली तर बस सोडून द्यायचे. एकदा तर तिघंही दुसऱ्या दिवशीच्या बसनं घरी गेले. आजीनं वाटभर तोंड फुगवलं होतं. पण मी कोरडा होतो.

मग आजोबांचे गुडघे दुखायला लागले, आणि पुढे आजोबाच राहिले नाहीत. आजीही त्यांच्या मागोमाग गेली.

आठ वर्षांपूर्वी बाबांनी मला पुन्हा डोंगरात नेलं. बरोबर आई आणि सहा वर्षांची ही मुलगी. बाबांनी चूल पेटवली, पाणी आणलं, सगळं आजोबांसारखं केलं. दोघी आत गेल्यावर पाचही नाड्या घट्ट बांधल्या. मग मागे आले आणि कपाळावर हात मारला. खुंटी सैल ठेवायला विसरले होते! तिन्हीसांजेची वेळ, बाहेर बुरबुर पाऊस, आत आईचं हसू थांबेना. "अहो, आम्हाला कोंडून चाललात कुठे?" बाबांनी नेट लावून कड उचलली, अर्धे आत आले आणि पोटावर अडकले. चिमुरडीनं हात धरून ओढलं, तशी माझी शिवण टर्रकन फाटली. आईनं तिथेच ती गुलाबी दोऱ्यानं शिवली. दुसरा दोराच नव्हता.

सकाळी धुकं होतं. मी चिंब. कचेरीतून फोन तर आला नसेल ना, म्हणून बाबा मोबाइल घेऊन दोनदा खडकावर चढले. तिथे कुठली रेंज यायला! ते आणखीच अस्वस्थ झाले.

"हा ओला आहे हो," आई म्हणाली.

"घरी गेल्यावर वाळवू."

त्यांनी मला तसाच गुंडाळला. घरी गेल्यावर त्यांना कचेरीची घाई होती. रविवारी पाहुणे होते. मग मला माळ्यावर टाकलं आणि माझ्यावर बंद पडलेला पंखा ठेवला. मी अंधारात पडून होतो. आधी घड्यांमध्ये काळे ठिपके आले, मग ठिपक्यांचे डाग झाले. सुरुवातीला माळ्याचं दार वाजलं की मी कान टवकारायचो. नंतर तेही सोडून दिलं.

आता घराला रंग द्यायचाय. म्हणून काल माळा रिकामा झाला आणि मी खाली आलो. आई म्हणाली, "उद्या रंगारी येतोय, त्याला फरशीवर अंथरायला देऊन टाकू." खरं सांगू? मला वाईट वाटलं नाही. अंथरलेला तरी राहीन, असं मनात आलं. माणूस दमला की एवढंच मागतो, आणि तंबूही.

पण त्या मुलीनं माझा वास घेतला आणि तिला गुलाबी टाके दिसले. ती त्यांच्यावरून बोट फिरवत राहिली, थेट आजोबांसारखी. मग तिघींनी मला गच्चीवर ओढत नेलं. मैत्रिणी "ई! शी!" करत होत्या, पण ब्रश सोडत नव्हत्या. बुरशी झटकली, साबण लावला, चार बादल्या पाणी ओतलं. आठ वर्षांनी माझ्या पाठीवर ऊन पडलं. डाग काही गेले नाहीत. दोन ठिकाणी कापड इतकं विरलंय की पलीकडचं आकाश दिसतं. तिनं आपली शाळेची जुनी पँट कापून तिथे ठिगळं लावली, तीही वाकडीतिकडी.

मित्रांनो, तुमच्याकडूनही कधीतरी वस्तू भिजेल. छत्री, दप्तर, बूट, एखादा म्हातारा तंबू. तिला ओली गुंडाळून "नंतर बघू" म्हणू नका. फाटलेलं शिवता येतं हो. ओलं ठेवलेलं आतून जातं, आणि कुणाला कळतही नाही.

संध्याकाळी आईबाबा गच्चीवर आले. मी दोरीवर होतो. बाबांनी जवळ येऊन माझी एक नाडी बोटाला गुंडाळली.

"रंगाऱ्याला जुन्या चादरी द्या," मुलगी म्हणाली. "हा द्यायचा नाही."

"अगं, पण सुट्टीत आपण त्या हॉटेलात चाललोय ना?" आई म्हणाली. "खोल्या सांगून ठेवल्यात. गरम पाणी आहे, पोहायचा तलाव आहे."

"तिथे वीज नाही, बाळा," बाबा हळूच म्हणाले. "फोन लागत नाही. आणि मला ते... आजोबांसारखं जमत नाही."

"माहितीये. पोट अडकतं."

आईला हसू फुटलं. मुलगी मात्र हसली नाही. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी ठरवलंय. सुट्टीत मी याला घेऊन डोंगरावर जाणार. पाणी मी आणीन, चूल मी पेटवीन, मागची खुंटी आठवणीनं सैल ठेवीन. आणि हा पूर्ण वाळल्याशिवाय तिथून कुणीही हलायचं नाही, बस गेली तरी चालेल. फक्त एक आहे, बाबा. नाड्या बाहेरून आहेत. त्या बांधायला तुम्ही यायचं, आणि आतून ओढायला मी आहे."