लानच्या घरचं पहिलं पाऊल

निशूला तिसरीत धडा वाचायची एक पद्धत शिकवलीय. आधी चित्र बघून अंदाज बांधायचा, मग प्रश्न विचारायचे, शेवटी धड्यातली गोष्ट आपल्या घराशी जोडायची.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी व्हिएतनामच्या लानचा धडा होता. मी डबा भरत होते, ती ओट्याला टेकून वाचत होती. लानकडे नव्या वर्षी घरात पहिलं पाऊल कुणाचं पडतं, त्यावर वर्ष कसं जाणार ते ठरतं. म्हणून चांगल्या नशिबाच्या माणसाला आधीच सांगून ठेवतात. ज्यांच्या घरात कुणी वारलंय, ते त्या दिवशी कुणाच्या दारात जात नाहीत.

"का नाही जात?"

"आपलं दुःख दुसऱ्याला लागू नये म्हणून."

तिनं पेन्सिल चावली. "पप्पा गेल्यापासून हळदीकुंकवाला तू आत बसतेस. तसंच?"

गहू निवडणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला. खाली चाकणच्या कंपनीची बस हॉर्न देत होती. मला म्हणायचं होतं, मी बसत नाही गं, मला बसवतात.

"हो, तसंच," म्हणाले आणि चपला घातल्या.

"पोरगी हुशार हाय," सासूबाई म्हणाल्या. "आईपरीस."

गेल्या पाडव्याला त्यांनी मला गुढीला हात लावू दिला नव्हता. यंदा निशूचा हात धरून साखरेची गाठी बांधायची, शिफ्टभर एवढंच डोक्यात होतं.

सकाळी चऱ्होलीच्या कोपऱ्यावर उतरून गाठी घेतली, तीन जिने चढले. उंबऱ्यात निशू उभी, नव्या परकर-पोलक्यात. कुणीतरी तिची वेणी वाकडी घातली होती.

"मम्मी, थांब." तिनं हात आडवा केला.

"आजीनं सांगितलं?"

"कुणीच नाही. मी जोडलं." खूश होती. "पहिल्यांदा सुमनकाकू येणार. त्यांच्याकडे काका आहेत ना. मग तू. म्हणजे आजीला काही होणार नाही. मलापण."

आतून सासूबाई म्हणाल्या, "सणाचं लेकराचं ऐकावं माणसानं."

मी पायरीवर बसले. शेजारच्या सुमनताई आल्या, माझ्याकडे न बघता साडी सावरून आत गेल्या. निशूनं माझ्या हातातली गाठी काढून घेतली. "मी बांधते, तू बस." आत टाळ्या वाजल्या. मग हाक आली, "आता ये, मम्मी."

मी गेले. तिची वेणी सोडून नीट घातली.

दोन दिवसांनी वही घरी आली. बाईंनी तारा दिला होता. खाली निशूनं लिहिलेलं: 'आमच्याकडेपण असंच असतं. माझी मम्मी बाहेर थांबते, म्हणून आमचं वर्ष चांगलं जातं.'

त्याखाली पालकांच्या सहीची रेघ.

"लवकर, मम्मी. व्हॅन आली."

मी सही केली. अक्षर फार सुरेख काढते माझी लेक.